खांड पाडणारा उंदीर कोणता?

पेणच्या खारेपाटात उधाणाच्या रात्री बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडली, म्हणजे तो फुटला, की सकाळी बांधावर जमलेल्या माणसांच्या तोंडी दोनच नावं असतात: खेकडा आणि उंदीर. खाडीचं पाणी खाचरांत शिरलेलं असतं, पाणी सोडायच्या उघडीपाशी गाळाचा ढीग साचलेला असतो, आणि खारं पाणी एकदा मुरलं की त्या जमिनीत पुन्हा भात उभा करायला किती पावसाळे जातात हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे तो राग खरा असतो, समजण्यासारखा असतो. मात्र 'उंदराने बांध पोखरला' हे वाक्य कानावर पडलं की माझ्या मनात लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. कोणत्या उंदराने?

हा प्रश्न पुष्कळांना रिकामपणाचा वाटतो. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, आणि मला तर तो दिवसेंदिवस जास्तच निकडीचा वाटू लागला आहे. पेण-रोह्याकडचं एखादं भातखाचर घ्या. त्याचा बांध, बांधावरचं गवत, कडेची झाडं, मागचा माळ आणि त्यापलीकडची टेकडीची उतरण, एवढ्या टापूत पाच-सहा जातींचे उंदीर सहज नांदू शकतात. बांध पोखरते ती लहान घूस. शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा करायचा, आत गेल्यावर तोंड मातीने बुजवून घ्यायचं आणि आतल्या कोठीत भाताच्या लोंब्या साठवायच्या, असा तिचा खाक्या. त्याच बांधाच्या वरच्या अंगाला अंगठ्याएवढा, पोटाशी पांढरा शेतउंदीर राहतो, मस बूडूगा. त्याचं बीळ उथळ, मुक्काम थोडा. तो बाहेरकाठा फोडेल म्हणणं म्हणजे मुंगीने घर पाडलं म्हणण्यातला प्रकार. बांबूच्या बेटात आणि झाडाच्या ढोलीत लांब शेपटीचा झाडउंदीर असतो, व्हँडेल्युरिया. त्याच्या पंजाच्या दोन्ही टोकांच्या बोटांना नखीऐवजी माणसासारखं चपटं नख असतं. फांदीला धरून चालायचं तर तेच सोयीचं. हा बिचारा बांधावर उतरतो तरी कशाला? गवताच्या दाटीत वाटा पाडून फिरणारा, ठिपकेदार राखाडी-तपकिरी केसांचा गोलुंडा वेगळाच. आणि घराच्या आढ्यावर खुडबुडणारा काळा उंदीर, रॅटस रॅटस, आणखी वेगळा. चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. तिची गणना कीटकभक्षी प्राण्यांत होते आणि घरातली झुरळं खाऊन ती आपल्यावर उपकारच करत असते. तरी झाडूचा फटका तिलाही तेवढाच बसतो.

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या पायाशी बसणारे हजारो मूषक एकाच साच्यातून निघतात. आपल्या मनातला उंदीरही तसाच एका साच्यातून निघालेला आहे. शास्त्राला तो साचा मोडायला दोनशेहून अधिक वर्षं लागली, आणि त्या खटाटोपाचा मोठा भाग आपल्याच मुलखात घडला, ही गोष्ट मराठी वाचकाला अजून कोणी नीट सांगितलेली नाही.

सुरुवातीला शास्त्रही आपल्यासारखंच होतं. लिनियसने १७५८ साली प्राण्यांची नावं पक्की केली तेव्हा 'मस' नावाच्या एकाच प्रजातीत त्याने घरातला उंदीर घातला, लेमिंग घातला, हॅम्स्टर घातला, आल्प्सच्या डोंगरातला गुबगुबीत मार्मोटही घातला. गिनीपिगला त्याने दिलेलं नाव होतं मस पॉर्सेलस. कुरतडणारा, लहान, फार ओळख नसलेला प्राणी दिसला की टाक मसमध्ये. पुढच्या माणसांनी ही गर्दी हळूहळू उपसली. रॅटस बाजूला निघाला, मग इतर निघाले. एखादी कवटी हातात घ्यायची, दाढांवरच्या उंचवट्यांच्या रांगा मोजायच्या, तळव्यावरच्या गाद्या मोजायच्या, शेपटी अंगापेक्षा लांब की आखूड ते बघायचं, आणि मग ठरवायचं की हा त्या कुळातला नव्हे. असं काम करणाऱ्यांची नावं कोणाला माहीत नसतात. पण मला ती माणसं थोर वाटतात.

दख्खनमधून या कामाला माल पुरवणारा पहिला मोठा माणूस म्हणजे कर्नल साइक्स. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो १८२४ पासून काही वर्षं दख्खनभर हिंडला. शेतसाऱ्याचे, लोकसंख्येचे आकडे जमवता जमवता त्याने पक्षी, मासे, सस्तन प्राणीही जमवले. त्याने नेलेल्या नमुन्यांवरून प्राणिशास्त्रज्ञ बेनेटने १८३२ साली दोन उंदरांना नावं दिली. एक आपला झाडउंदीर, दुसरा चपट्या काटेरी केसांचा मस प्लॅटिथ्रिक्स. दोघांच्याही मूळ ठिकाणाच्या जागी एकच शब्द आहे, 'दख्खन'. कोणतं गाव, कोणता डोंगर, काही नाही. ही पोकळी पुढे फार जाचली. एवढ्या मोठ्या प्रदेशातला नेमका कोणता उंदीर बेनेटच्या टेबलावर होता, हे नंतर आलेल्यांना तुलना करून करून ठरवावं लागलं.

वॉल्टर एलियटची गोष्ट मात्र निराळी. धारवाड-बेळगावचा भाग तेव्हा 'दक्षिण मराठा मुलूख' म्हणून ओळखला जाई. एलियट तिथे नोकरीला होता. त्याने १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात त्या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली आणि प्रत्येक प्राण्यासमोर स्थानिक भाषांतली नावं दिली. उंदरांच्या बाबतीत त्याचे खरे गुरू होते वडार. दगड फोडणारी, माती उकरणारी, शेतातले उंदीर खणून काढणारी ही माणसं बिळावरून जात ओळखत. त्यांच्या तोंडचं 'मेट्टाड' हे नाव ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेने १८३७ साली 'मेल्टाडा' असं शास्त्रात उतरवलं. 'लेग्गाडे'वरून त्याने लेग्गाडा ही आख्खी प्रजातीच उभी केली. ग्रे लंडनला बसून कवट्या बघत होता. मेट्टाड जोडीने किंवा टोळीने राहतो, काळ्या जमिनीच्या भेगांत आणि दगडगोट्यांच्या ढिगात मुक्काम करतो, पावसाळ्यात भेगा मिटल्या की पुष्कळसे मरतात, ही माहिती एलियटकडे आली ती वडारांच्या कुदळीमुळे. १८२६ साली पाऊस कमी पडला, भेगा मिटल्या नाहीत, आणि हे उंदीर इतके वाढले की पेरलेलं बी आणि उभं कणीस दोन्ही त्यांनी फस्त केलं. शेतकऱ्यांनी डझनांच्या हिशेबाने धान्य देऊन वडारांकडून ते मारवले, तरी संख्या कमी झाल्याचं जाणवलं नाही. उंदरांच्या लाटेचं पावसाशी असलेलं नातं एका जातीपुरतं इतकं स्पष्ट सांगणारी ही नोंद पावणेदोनशेहून अधिक वर्षं जुनी आहे. आजच्या कृषी अधिकाऱ्यानेही ती वाचावी अशीच आहे.

एलियटचं लेग्गाड्याबद्दलचं निरीक्षण तर मला पाठ झालं आहे. हा काटेरी केसांचा उंदीर तांबड्या मुरमाड जमिनीत उतारावर बीळ करतो, आत असला की तोंड बारीक खड्यांनी बंद करतो, बाहेर खड्यांचा साठा ठेवतो, आणि आतल्या खोलीतही खड्यांचंच अंथरूण करून त्यावर बसतो. हे वाचल्यापासून रोह्याच्या अवचितगडाकडे जाताना माझी नजर उतारावरच असते. एका पावसाळ्यानंतर वाटेच्या वरच्या अंगाला मला असं एक बीळ दिसलं. अर्ध्या रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं तोंड. त्यात वाटाण्याएवढे, हरभऱ्याएवढे जांभ्याचे खडे नीट दाबून बसवलेले, आणि खालच्या बाजूला तशाच खड्यांची एक छोटी पसरण. आजूबाजूच्या जमिनीत सगळ्या आकाराचे दगड होते. बिळाशी मात्र निवडून आणलेले, एका मापाचे. गवताच्या काडीनेसुद्धा मी त्याला हात लावला नाही. आतला प्राणी कोण हे पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा शास्त्राचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. दख्खनमध्ये आणि सह्याद्रीच्या आसपास काटेरी केसांचे उंदीर एकाहून अधिक जातींचे आहेत. आज लेग्गाडा ही प्रजाती उरलेली नाही. तिच्यातले सारे पुन्हा मसमध्ये परतले, काटेरी केसांवाल्यांची पायरोमिस नावाची उपप्रजाती झाली, आणि अमेरिकेच्या जो मार्शलने १९७७ साली आशियातल्या सगळ्या मस जातींची मांडणी नव्याने करून दिली. पेशींतली गुणसूत्रं मोजायला लागल्यावर आणखी उलगडा झाला. घरातल्या उंदराची गुणसूत्रं ४०, प्लॅटिथ्रिक्सची २६. शेतउंदीर बूडूगा आणि त्याचा भाऊ टेरिकलर हातात धरून वेगळे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. दोघांचीही गुणसूत्रं ४०, पण घडण निराळी. निसर्गाने फरक केला होता, फक्त आपल्या डोळ्यांना दिसेल अशा जागी केला नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईने या कामाला मोठी गती दिली. मुंबई प्रांताच्या वन खात्यातून निवृत्त झालेला रॉटन नावाचा अधिकारी लंडनच्या संग्रहालयात भारतीय सस्तन प्राण्यांवर काम करत बसला आणि त्याच्या आग्रहावरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. पहिला संग्रह खानदेशातून आला. सोसायटीचा तेव्हाचा मानद सचिव होता वॉल्टर मिलार्ड. मराठी वाचकाला हा माणूस वेगळ्या कारणाने ओळखीचा आहे. पिवळ्या गळ्याची चिमणी हातात घेऊन एक मुलगा सोसायटीत गेला, त्याला ज्या साहेबाने कपाटं उघडून पक्षी दाखवले तो हाच मिलार्ड. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे त्यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला राहून १९३० साली सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. त्याच मिलार्डचं नाव लंडनच्या संग्रहालयातल्या ओल्डफिल्ड थॉमसने १९११ साली मेट्टाडच्या प्रजातीला दिलं: मिलार्डिया. ग्रेने गोलुंडात घातलेला मेट्टाड तिथून मसमध्ये, मग मिलार्डियात आला, मधल्या काळात काहींनी त्याला रॅटसमध्येही नेऊन बसवलं, आणि अखेर तो मिलार्डियात स्थिरावला. मऊ केस, मागच्या पंजाचं शेवटचं बोट आखूड, आणि तळव्यावरच्या गाद्या इतर उंदरांना सहा तर मेट्टाडला चार किंवा पाच. या प्रजातीतल्या ब्रह्मदेशच्या जातीचं नाव कॅथलिनी, पाहणीचे अहवाल लिहिणाऱ्या सोसायटीतल्या मिस कॅथलिन रायली यांच्यावरून पडलेलं. सिंध-राजस्थानच्या वाळूतली तिसरी जात ग्लीडोवी. चौथी जात कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

ती निघाली सिंहगडावर. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ साली मिलार्डिया प्रजातीचा पूर्ण आढावा छापला आणि त्यात गडावरच्या मोठ्या, मऊ केसांच्या उंदराला स्वतंत्र जात म्हणून जाहीर केलं. नाव दिलं गडाचंच, मिलार्डिया कोंडाना. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरचं ते पठार. तानाजीच्या समाधीला हात जोडायला, देवटाक्याचं पाणी प्यायला, पिठलं-भाकरी खायला पिढ्यान् पिढ्या माणसं तिथे जात होती. या प्राण्याची शास्त्रात नोंद व्हायला मात्र १९७५ साल उजाडावं लागलं.

विषाणू शोधणारी माणसं उंदराच्या तळव्यांकडे का बघत होती, हेही सांगायला हवं. हे केंद्र १९५२ साली सुरू झालं, आज ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून देशाला माहीत आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने आजारी पडू लागली. तो क्यासनूर जंगलाचा आजार गोचिडांवाटे पसरतो. गोचिडांची पिल्लं कोणत्या लहान प्राण्यांच्या अंगावर वाढतात हे कळल्याशिवाय आजाराचा माग लागत नव्हता. त्या शोधात महत्त्वाचा निघाला तो पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर. त्याचीही वंशावळ अशीच भटकी. १८८१ साली मस म्हणून नोंदलेला, मग रॅटस, मग क्रेम्नोमिस, आणि आता मॅड्रोमिस. त्याच आजाराने २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात डोकं वर काढलं. कोकणापासून तो लांब आहे असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

जात ओळखण्याचा हा धडा मुंबईने त्याआधीच किंमत मोजून घेतला होता. १८९६ साली मांडवीत प्लेग उतरला. उंदीर मरतात आणि माणसं मरतात एवढं दिसत होतं. पण पुढे प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत हजारो मेलेल्या उंदरांची जातवार तपासणी केली तेव्हा क्रम कळला. आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत साथ, मग घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर त्या घरांतल्या माणसांत. 'उंदीर मेला' एवढीच नोंद ठेवणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. आज आपल्या भातशेतीत लेप्टोस्पायरोसिसचं भय आहे. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात येतात, चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायाच्या भेगेतून आत शिरतात. इथेही बाधा ज्याच्याकडून येते तो कोणत्या जातीचा, कुठे राहतो, कोणत्या महिन्यात वाढतो, हे कळलं तर काहीतरी नेमकं करता येईल. नाही तर सगळ्या बांधांवर झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकायच्या, निम्मे उंदीर एकदा चाखून पुन्हा तोंड लावत नाहीत, आणि दुसरी विषं वापरली तर मेलेला उंदीर खाऊन घुबड मरतं.

सर्वांत जास्त मला कायद्याचं वाईट वाटतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. तिच्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, आणि इंग्रजीतले 'माइस' आणि 'रॅट्स' हे दोन सरसकट शब्द. तीनच वर्षांनी सिंहगडावर जगात दुसरीकडे कुठे माहीत नसलेली एक जात सापडली. पुढे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला संकटग्रस्तांच्या लाल यादीत घातलं. गडावरची गुरांची चराई, पर्यटकांची वर्दळ, उजाड होत जाणारी झुडपं, असे धोके नोंदले गेले. पण त्या दोन शब्दांच्या आधाराने कायद्याच्या लेखी तो दुर्मीळ प्राणी आणि गटारातली घूस एकाच रांगेत उभे होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली, आणि दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पन्नास वर्षं लागली. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातल्या लोकांचा नावं बदलण्याचा खेळ, असं मानणाऱ्यांनी या पन्नास वर्षांकडे पाहावं. जो प्राणी वेगळा ओळखला जात नाही, त्याला वाचवण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

हे सगळं मोठ्या संस्थांचं काम, आपण काय करणार, असं पेण-रोह्यात बसून वाटणं साहजिक आहे. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण एक घुबड आहे. रोह्यात कुंडलिकेपलीकडे, अष्टमीच्या बाजूला, एका बंद पडलेल्या गोदामाच्या तुळईवर गव्हाणी घुबडाची जोडी राहायची. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून तोंडावाटे टाकतं. अंगठ्याएवढे काळपट, चकचकीत गोळे, पक्षी पाहणारे त्याला पेलेट म्हणतात. ते कोमट पाण्यात भिजवून दाभणाने हलकेच मोकळे केले की केसांच्या लगद्यातून पांढरीशुभ्र हाडं निघतात. एकेका गोळ्यात दोन-दोन, तीन-तीन कवट्या. पुढचे दात नारिंगी, त्यांच्यामागे मोकळी जागा, मग तीन दाढा. भिंग लावायचं. वरची पहिली दाढ मागच्या दोघींच्या मिळून लांबीपेक्षाही लांब असेल, तर तो मस. एवढ्याच आकाराचं काळ्या उंदराचं पिल्लू असेल, तर त्याची पहिली दाढ एवढी लांब नसते. मस ठरल्यावर वरच्या पुढच्या दाताच्या टोकाला मागून खाच दिसली, तर घरउंदराकडे बोट जातं. पुढच्या दातावर उभी खोबण असेल, तर गोलुंडा असण्याची शक्यता. घाटापलीकडच्या जर्बिल उंदराच्या दातावरही ती असते, म्हणून दाढा बघून खात्री करायची. पुढे मोकळी जागाच नाही, सगळे दात सुळकेदार ओळीने उभे, तर चिचुंद्री. एका जोडीच्या एका ऋतूतल्या गोळ्यांतून आजूबाजूच्या भातशेतीत कोण कोण राहतं, याची यादी टेबलावर मांडून होते. एकाही प्राण्याला मारावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींनी सुरुवातीला नाकाला रुमाल लावले, आणि तासाभराने त्यांना घरी जा म्हणून सांगावं लागलं.

दुसरा आधार आपल्या कातकरी वाड्यांचा. महाराष्ट्रातल्या अति असुरक्षित आदिवासी गटांत कातकऱ्यांची गणना होते. वीटभट्टी, कोळसा, मजुरी यांत त्यांची वर्षं सरतात. पण भात निघाल्यावर बांधावर उंदीर खणायला येणाऱ्या कातकरी काकांबरोबर उभं राहून पाहा. मातीचा रंग बघून ते बीळ चालू की सोडलेलं ते सांगतात, दुसरी तोंडं आधी बुजवतात, लोंब्यांची कोठी कोणत्या अंगाला असेल याचा अंदाज घेऊन पहार टाकतात. मी एकदा विचारलं, "काका, यात काय निघेल?" त्यांनी बिळाच्या तोंडावर तळहात आडवा धरला आणि म्हणाले, "सर, हे घुशीचं नाही, बारक्याचं. खणून काय मिळणार?" आणि पुढच्या बांधाकडे निघाले. एलियटने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी वडारांना विचारलं, म्हणून त्यांची माहिती शास्त्रात टिकली. आमच्या कातकऱ्यांना असं बसून विचारणारं कोणी आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. ते शहरगावाकडे पांगताहेत, खारेपाटातल्या शेतांवर मुरुमाचे भराव पडताहेत, आणि बिळाबरोबर बीळ ओळखणाराही जातो आहे.

म्हणून पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विभागांना आणि ज्यांना ज्यांना हे वाचून चार पावलं टाकावीशी वाटतील त्या सर्वांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्याची उंदरांची एक खरी यादी करू या. पुराव्यासह, गावनिहाय. पेलेट गोळा करा, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. कातकरी वाडीवर जा, ऐका, सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीने नोंदीत लिहा. आणि ठिकाण नेमकं लिहा. 'दख्खन' या एका शब्दाने शास्त्राला किती वर्षं झुलवलं ते वर सांगितलंच. आपल्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, तेव्हा जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'कुलाबा' असलं तर तो प्राणी रोह्याचा की मुंबईच्या टोकाचा, हे कोणी सांगू शकत नाही. प्रत्येक कवटी कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर गाव, शेताची किंवा इमारतीची खूण आणि तारीख लिहा. पेन्सिलीने लिहा, कोकणच्या दमट हवेत शाई पसरते.